सोलापूरचं ऊन आणि नळीतली हवा

(दृश्य : होम मैदान, गड्ड्याची रात्र)

गड्ड्याच्या जत्रेत पाळण्यांच्या पुढं गेलं की फुग्यांचा फळा लागतो. आपल्यापैकी कितीतरी जणांनी पहिला छर्रा इथंच मारला. स्टॉलवाला नळी मोडतो, छर्रा बसवतो आणि बंदूक हातात देताना सांगतो, "दादा, घट्ट आवळू नका."

त्याचं म्हणणं अगदी खरं आहे. नळी मोडताना आतली स्प्रिंग दाबली जाते. चाप ओढला की जड दट्ट्या पुढं झेपावतो, समोरची हवा दाबतो आणि ती हवा छर्रा ढकलते. पण दट्ट्या पुढं निघाला की बंदूक मागं सरकते, आणि छर्रा तेव्हा नळीतच असतो. एकदा सैल धरली, एकदा आवळली, तर वेग तोच राहूनही दोन छर्रे दोन जागी लागतात. स्प्रिंगऐवजी नायट्रोजनचं नळकांडं बसवलं तरी धक्का राहतोच.

(दृश्य : १० मीटरची रेंज, कागदी टार्गेट)

इथं दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. छर्रा सेकंदाला साधारण १७५ मीटर वेगानं निघतो आणि टार्गेटपर्यंत १६ मिलिमीटर खाली येतो. तोच वेग १६५ झाला, तर आणखी २ मिलिमीटर. म्हणजे जवळजवळ एक गुण गेला, नेमबाजाची काहीच चूक नसताना.

वेग सर्वांत जास्त छळतो तो कार्बन डायऑक्साइडच्या बंदुकीत. एके काळी स्पर्धेतल्या रायफलीही याच वायूवर चालायच्या. टाकीत तो द्रवरूप असतो, आणि त्याचा दाब ठरवतं तापमान : २० अंशांना सुमारे ५७ बार, ३० अंशांना ७२. ३१ अंशांच्या वर तर द्रव उरतच नाही. आता आपला मे महिना आठवा. पत्र्याखाली ठेवलेली बंदूक सकाळी एक आणि दुपारी दुसरीच असते. शिवाय भराभर छर्रे मारले की वायू टाकीलाच गार करतो आणि वेग पडत जातो. सोलापुरात सरावासाठी ही बंदूक घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

(दृश्य : सिलिंडर भरताना जवळून)

आजच्या स्पर्धेच्या रायफलीत आधीच दाबून भरलेली हवा असते, २०० बारपर्यंत. नुसती हवा भरून भागत नाही. दाब फार असला की चाप ओढल्यावर आपटणाऱ्या हॅमरला हवेचा व्हॉल्व्ह पुरता उघडत नाही, सुरुवातीचे छर्रे मंद जातात, मधले चांगले, मग दाब उतरतो, वेगही उतरतो. म्हणून मध्ये रेग्युलेटर बसवतात. सिलिंडरमधला दाब कमी होत गेला तरी तो प्रत्येक छर्र्याला सारख्याच दाबाची हवा देतो. ७५ मिनिटांत ६० छर्रे मारायचे, तेव्हा हाच आधार.

तरी बंदूक बराच वेळ पडून राहिली की रेग्युलेटरमागं दाब किंचित चढू शकतो. त्यामुळं जाणता नेमबाज सकाळचा पहिला छर्रा हिशोबात धरत नाही. तो छर्रा सरावाच्या टार्गेटवर जातो.