दहा तासांची जागा

(दृश्य : संध्याकाळचा महामार्ग. दोन्ही बाजूंना मक्याची शेतं. समोरून ट्रकांची रांग.)

रात्रीचे नऊ वाजत आलेत, तरी उजेड सरलेला नाही. अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातला जून महिना. दोन्ही अंगांना मका आणि त्यातून रेघ ओढल्यासारखा सरळ जाणारा आय-८० महामार्ग. सॅन फ्रान्सिस्कोपासून न्यू जर्सीपर्यंत, साडेचार हजार किलोमीटरहून लांब. शिकागोहून निघालो त्याला आज दुसरा दिवस. आरव्ही, म्हणजे आत राहायची-झोपायची सोय असलेली गाडी, भाड्याची आहे, सव्वीस फुटी. आत आम्ही दोघं आणि नाशिकहून आलेले आई-बाबा. आजचा मुक्काम ट्रक स्टॉपवर.

ट्रक स्टॉप म्हणजे डिझेलचे पंप, खाणावळ, दुकान आणि मागे ट्रक उभे करायचं मोठं मैदान. काही ठिकाणी त्याच आवारात एका कडेला आरव्हींसाठी वेगळ्या जागा आखलेल्या असतात. इथे तशा अकरा आहेत. डिझेलच्या गल्ल्यावरच पावती फाडली, सात नंबर मिळाला. एका बाजूने शिरायचं, दुसऱ्या बाजूने निघायचं, गाडी मागे घ्यावी लागत नाही. दिवसभर चालवून थकलेल्या माणसाला याचं मोल फार.

(दृश्य : खांबावरची विजेची पेटी, जवळून.)

आधी पेटीतला ब्रेकर खाली पाडायचा, मग प्लग बसवायचा, मग ब्रेकर वर करायचा. हा क्रम चुकवायचा नाही. आमच्या गाडीला तीस अँपिअरची वायर लागते, तीन पायांची. १२० व्होल्टवर ३,६०० वॉट मिळतात. ऐकायला भरपूर वाटतं. पण एसी चालू होता, मायक्रोवेव्हमध्ये भात होता आणि आईने चहासाठी विजेची किटली लावली. सगळं एकदम गप्प झालं. तिन्ही मिळून साडेचार हजारांच्या घरात जातात. किटली लावायची तर एसी बंद, हे आईने तेव्हापासून पक्कं लक्षात ठेवलंय.

पाण्याची नळी पांढरी, फक्त पिण्याच्या पाण्यासाठी. मैल्याची टाकी सकाळी निघताना रिकामी करायची. आधी संडासाची, मग अंघोळीच्या आणि भांड्यांच्या पाण्याची, म्हणजे त्या पाण्याने नळी धुऊन निघते.

बाबांचं यात लक्ष नाही. ते पलीकडच्या ट्रकांकडे बघतायत.

बाबांनी बावीस वर्षं ट्रक चालवला. लासलगावला कांदा भरायचा, ताडपत्री आवळायची, रात्रीच कसारा घाट उतरायचा आणि उजाडायच्या आत वाशी मार्केट गाठायचं. डोळे मिटायला लागले की घोटीच्या ढाब्यावर गाडी लावायची. बाबा बाजल्यावर, किन्नर म्हणजे गाडीवरचा मदतनीस कॅबिनमध्ये. ढाबेवाला जागेचे पैसे घेत नसे. जेवलात ना, मग झोपा.

काल त्यांना आयोवातल्या वॉलकॉटला नेलं होतं. तिथला ‘आयोवा ८०’ हा ट्रक स्टॉप १९६४ साली सुरू झाला आणि जगातला सर्वात मोठा म्हणून ओळखला जातो. नऊशे ट्रक उभे राहतात. न्हावी आहे, दातांचा डॉक्टर आहे, छोटं थिएटर आहे, शेजारी शंभरावर जुने ट्रक मांडलेलं संग्रहालय आहे. बाबा मात्र खिळले ते अंघोळीच्या खोल्यांपाशी. ठरावीक डिझेल भरलं की ड्रायव्हरला अंघोळ फुकट. पाळी आली की स्पीकरवर नंबर पुकारतात. धुतलेला टॉवेल, आतून कडी लागणारं दार, गरम पाणी. “आम्ही पंपावरच्या हौदावर अंघोळ करायचो गं,” एवढंच म्हणाले आणि बराच वेळ तिथेच उभे राहिले.

(दृश्य : ट्रकांचं मैदान. एक एक जागा भरत जाते.)

आता हे मैदान बघा. सहा वाजता अर्धं रिकामं होतं. आता शेवटच्या चार-पाच जागा उरल्यात. यामागे कायदा आहे. इथल्या माल वाहणाऱ्या ड्रायव्हरला सलग दहा तास विश्रांती घेतल्यावर पुढच्या चौदा तासांत जास्तीत जास्त अकरा तास गाडी चालवता येते. डिसेंबर २०१७ पासून बहुतेक ट्रकांत ही नोंद यंत्रच ठेवतं. मिनिटं संपत आली की ड्रायव्हरला थांबायची जागा शोधावीच लागते. मैदान भरलेलं असेल तर महामार्गावर चढायच्या वाटेच्या कडेला, अंधारात, ट्रक उभे राहतात.

मला एक गोष्ट सांगायची आहे. पहिल्या सहलीत आम्ही आरव्ही ट्रकच्या जागेत लावली होती. संध्याकाळची वेळ होती, मैदान मोकळं दिसलं, पैसेही वाचत होते. रात्री दोनच्या सुमाराला खिडकीच्या पडद्यावरून दिव्यांचा झोत सरकला. थोड्या वेळाने पुन्हा. मग तिसऱ्यांदा. एक ट्रक जागा शोधत फेऱ्या मारत होता. नंतर तो महामार्गाकडे वळल्याचा आवाज आला. तो पुढे कुठे थांबला असेल, या विचाराने मला सकाळपर्यंत झोप लागली नाही.

(दृश्य : बंद पडलेला पेट्रोल पंप, रात्र. काही क्षण शांतता.)

जेसन रिव्हेनबर्ग, न्यूयॉर्क राज्यातला ट्रक ड्रायव्हर, वय ३५. मार्च २००९ मध्ये तो दुधाचा माल घेऊन साउथ कॅरोलिनात पोचला. माल उतरवायच्या वेळेला अवकाश होता आणि तिथे थांबायला जागा नव्हती. त्याने ट्रक एका बंद पडलेल्या पेट्रोल पंपावर लावला. तिथे लुटारूने त्याला गोळ्या घालून मारलं. हाती लागले सात डॉलर. त्याची बायको होप गरोदर होती, काही दिवसांत जुळी मुलं झाली. त्या ओल्या बाळंतिणीने ट्रकांना सुरक्षित जागा मिळावी म्हणून धडपड सुरू केली, आणि २०१२ मध्ये केंद्राच्या वाहतूक कायद्यात ‘जेसन्स लॉ’ आला. त्यानुसार देशभरातल्या जागांची मोजणी झाली. २०१९ च्या पाहणीत त्या साधारण ३ लाख १३ हजार भरल्या. त्यातल्या बहुतेक अशाच खासगी ट्रक स्टॉपवर आहेत.

मी हे बाबांना सांगितलं. ते थोडा वेळ बोललेच नाहीत. मग ह्यांना म्हणाले, “जावईबापू, पावतीचे पैसे देऊन इकडे लावलीत, बरं केलंत.”

म्हणून सुट्टीवर निघालेल्या प्रत्येकाला माझं कळकळीचं सांगणं आहे. आरव्हीची जागा असेल तर तीच घ्या. भरलेली असेल तर पुढे जा. आपल्याला पुढे जाता येतं, त्यांना येत नाही.

(दृश्य : मध्यरात्र. ट्रेलरांच्या कपाळावरची शीतयंत्रं.)

इथे शांतता मिळत नाही, तेही सांगते. दूध, मांस, भाजी नेणाऱ्या ट्रेलरांना पुढच्या बाजूला डिझेलवर चालणारं शीतयंत्र असतं. ते मध्येच थांबतं, मध्येच धडधडत सुरू होतं. पहिला तास आपण प्रत्येक आवाजाला जागे होतो. बाबा मात्र उशीला डोकं टेकताच झोपले.

पहाटे पाचला उठले आणि मैदानाच्या कडेने चालायला निघाले. कडेनेच. उंच कॅबिनमधून खालचा माणूस दिसत नाही, हे त्यांना कुणी शिकवायला नको. मी मागे होते. एक सरदारजी ड्रायव्हर हातभर लाकडी दांडकं घेऊन टायर ठोकत चालले होते. हवा भरलेला टायर टणकन वाजतो, बसलेला थप्प वाजतो. बाबा थांबले. “अंदरवाला देखा क्या?” त्यांनी विचारलं.

“अंकलजी, आप भी ड्रायव्हर थे?”

“बाईस साल.”

त्यांनी दांडकं बाबांच्या हातात दिलं. बाबा वाकले, जोडीतल्या आतल्या टायरवर दोनदा मारलं, कान देऊन ऐकलं आणि मान हलवली. ठीक आहे.

सरदारजींचे विश्रांतीचे दहा तास भरायला अजून वीस मिनिटं होती. आईने एसी बंद केला आणि किटली लावली. स्टीलच्या पेल्यात चहा घेऊन दोघं ट्रकच्या पायरीशी उभे राहिले. बोलणं सगळं घाटांचं. त्यांचे वायोमिंगचे, बाबांचा कसाऱ्याचा.

(दृश्य : ट्रक मैदानाबाहेर वळतो.)

पाच चाळीसला त्यांनी इंजिन चालू केलं. आम्ही टाक्या रिकाम्या केल्या, नळी गुंडाळली, ब्रेकर पाडून वायर काढली. तेवढ्या वेळात त्यांच्या जागेवर दुसरा ट्रक येऊन लागला होता आणि त्याच्या ड्रायव्हरने काचांवरचे पडदे ओढून घेतले होते.