दुखणं एका बाजूला, मग टाके दोन्हीकडे का?

नमस्कार मंडळी. वृषणाला पीळ पडला म्हणून मुलाचं तातडीनं ऑपरेशन होतं, आणि नंतर घरचे विचारतात, 'दुखत होतं डावीकडे, मग उजवीकडे टाके कशाला घातले?' प्रश्न अगदी रास्त आहे.

वृषण रक्तवाहिन्यांच्या दोरीला लटकलेलं असतं आणि मागच्या बाजूनं पिशवीच्या आत चिकटलेलं असतं. काही मुलांत हे चिकटणं जन्मापासूनच नसतं. मग ते देवळातल्या घंटेच्या लोलकासारखं मोकळं लोंबतं आणि कधीही फिरू शकतं, अगदी झोपेतसुद्धा. ही ठेवण बहुतेक वेळा दोन्ही बाजूंना सारखीच असते. म्हणजे आज डावं फिरलं, तर उद्या उजवंही फिरू शकतं. उत्तर इथेच मिळालं.

पीळ पडला की आधी शिरा दबतात. रक्त आत येतं, पण बाहेर जायला वाट नाही. सूज वाढते आणि शेवटी येणारं रक्तही थांबतं. साधारण 6 तासांच्या आत सोडवलं तर वृषण बहुतेक वेळा वाचतं. 24 तास उलटले की आशा फार थोडी. आणि आपली पोरं लाजेपोटी 'पोटात दुखतंय' एवढंच सांगतात!

ऑपरेशनमध्ये पीळ सोडवून वृषण कोमट सलाइनमध्ये भिजवलेल्या कापडात गुंडाळतात आणि थांबतात. काळंनिळं पडलेलं गुलाबी होतंय का, ते बघायला. झालं, तर ठेवतात. नाहीच झालं, तर काढावं लागतं, आणि मग उरलेल्या एकाला जपणं आणखी गरजेचं होतं.

त्यानंतर ऑर्किडोपेक्सी, म्हणजे वृषण जागेवर पक्कं करणं. बरेच सर्जन न विरघळणाऱ्या बारीक धाग्यानं ते आतल्या आवरणाला दोन-तीन ठिकाणी शिवतात. एकाच टाक्यावर ते पुन्हा गरकन फिरू शकतं, म्हणून. काही जण कातडीखाली छोटा कप्पा करून त्यात बसवतात. विरघळणारा धागा वापरलेल्या काही रुग्णांत पुढे पुन्हा पीळ पडल्याची नोंद आहे. तसं हे क्वचितच. पण 'त्याचं ऑपरेशन झालंय ना' म्हणून नव्या दुखण्याकडे काणाडोळा नको.

आता माझ्या मते सगळ्यात जास्त दुर्लक्षित गोष्ट. अचानक जोराची कळ येते, ओकारी होते आणि थोड्या वेळात सगळं आपोआप शांत. घरी हुश्श होतं. पण पीळ पडून सुटलेला असू शकतो. अशा वेळी सोनोग्राफी नॉर्मल येऊ शकते, तरी युरोलॉजिस्टना दाखवाच. ठरवून, दिवसाउजेडी केलेलं ऑपरेशन रात्रीच्या धावपळीपेक्षा कितीतरी बरं. डॉक्टरांनी हातानं पीळ सोडवला असेल, तरीही टाके चुकत नाहीत.

आणि घरी जाण्याआधी डिस्चार्ज कार्डावर दोन्ही बाजूंचा उल्लेख आहे का, ते वाचा. नसेल तर तिथेच विचारा.