इंजिन गरम होतंय? आधी फॅनच्या पात्यांचा कोन बघा

नमस्कार मंडळी. आज आपण बोलणार आहोत रेडिएटरच्या फॅनबद्दल, आणि तेही एका वेगळ्या फॅनबद्दल. याची पाती चालू फॅनमध्येच आपापल्या जागेवर वळतात. कोन कमीजास्त होतो आणि पूर्ण वळली की हवेची दिशाच उलटी होते. फॅन थांबत नाही, इंजिन थांबत नाही, बेल्ट त्याच दिशेने फिरत राहतो. ऊसतोडणी हार्वेस्टर, कंबाइन, मोठे ट्रॅक्टर, लोडर असल्या मशीनवर हा फॅन बसतो. कंपनीतून येणाऱ्या काही मशीनला हा पर्याय मिळतो आणि जुन्या मशीनला बाहेरून पण बसवता येतो.

हार्वेस्टरचंच उदाहरण घेऊ, कारण आपल्याकडे नोव्हेंबर ते मार्च-एप्रिल गाळप हंगामात फडात हे मशीन दिवसरात्र चालतं आणि रेडिएटरचे सगळ्यात जास्त हाल तिथंच होतात. हार्वेस्टर ऊस कापतो, त्याचे तुकडे करतो आणि वरचा एक्स्ट्रॅक्टर फॅन पाचट वेगळं करून बाहेर फेकतो, म्हणजे मशीन स्वतःच स्वतःच्या भोवती पाचटाचा आणि धुळीचा ढग तयार करतं आणि त्याच ढगातली हवा रेडिएटरचा फॅन आत ओढत असतो. मोठी पानं बाहेरच्या जाळीवर चिकटतात, बारीक कूस आणि माती जाळीतून आत जाऊन रेडिएटरच्या पत्र्यांमध्ये बसते. एक गोष्ट नीट बघा, इंजिन बंद केलं की जाळीवरचं थोडं पाचट आपोआप खाली पडतं. म्हणजे तो कचरा तिथं कशानं धरून ठेवला होता? फॅनच्या ओढीनं. फॅन जितका जोरात ओढणार, कचरा तितका घट्ट बसणार.

आता उष्णतेचा हिशोब. डिझेल जळतं तेव्हा त्यातली साधारण चौथा ते तिसरा हिस्सा ऊर्जा कूलंटमध्ये जाते आणि ती रेडिएटरमधून बाहेर काढायलाच लागते. हार्वेस्टरमध्ये त्याच्या जोडीला हायड्रॉलिकची उष्णता आहे, कारण बुडातून ऊस कापणारा बेस कटर, तुकडे करणारा चॉपर, तुकडे वर नेणारा एलेव्हेटर, सगळं ऑइलच्या दाबावर फिरतं. ते ऑइल जास्त तापलं की पातळ होतं, पंप आणि मोटारच्या आतल्या आत गळती वाढते, मशीन ओढत नाही असं वाटायला लागतं आणि माणसं पंपाला दोष देतात. खरं कारण बऱ्याचदा ऑइल थंड करणाऱ्या कूलरच्या तोंडावर चिकटलेलं पाचट असतं.

अशा वेळी सगळ्यात आधी कुणीतरी सुचवतं, मोठा फॅन टाका, नाहीतर पुली बदलून फॅनचा स्पीड वाढवा. हे करू नका, आणि का करू नका ते सांगतो. फॅनचा स्पीड वाढवला की हवा त्याच प्रमाणात वाढते, पण फॅनला लागणारी ताकद स्पीडच्या घनाप्रमाणे वाढते. स्पीड १० टक्के वाढवला तर हवा १० टक्के जास्त मिळेल आणि ताकद मात्र ३३ टक्के जास्त खाईल. उलट स्पीड ८० टक्क्यांवर आणला तर ताकद जवळपास निम्मी होते, ५१ टक्के. मोठ्या मशीनचा फॅन पूर्ण जोरात असताना इंजिनच्या ताकदीतला पाच ते दहा टक्के हिस्सा सहज घेतो, म्हणजे हे आकडे थेट तुमच्या डिझेलच्या खर्चात दिसणारे आहेत.

त्यात अजून एक अडचण आहे जी फार कमी जण सांगतात. जाळी तुंबली की फॅनपुढचा अडथळा वाढतो. अशा वेळी पात्यांचा कोन जास्त तिरका केला की हवा वाढेलच असं नाही, एका मर्यादेनंतर हवा पात्याच्या पाठीवरून सुटते, याला स्टॉल म्हणतात. मग आवाज वाढतो, लोड वाढतो आणि हवा कमी होते. म्हणून तुंबलेल्या रेडिएटरवर जास्त ताकदीचा फॅन हा इलाजच नाही. आधी कचरा काढायला पाहिजे, आणि तो ज्या दिशेनं आला त्याच दिशेनं परत गेला तर सगळ्यात सोपं.

मग हवा उलटी करायची कशी? बेल्टवर चालणाऱ्या फॅनची दिशा बदलता येत नाही, कारण इंजिन उलटं फिरत नाही. काही मशीनमध्ये फॅन हायड्रॉलिक मोटारवर असतो, तिथं ऑइलचा प्रवाह उलटा करून फॅन उलटा फिरवतात. ही पद्धत चांगली चालते, भरपूर मशीनवर आहे. फक्त फॅनला आधी थांबावं लागतं, मग उलटं सुटावं लागतं. आणि पात्यांचा आकार एकाच दिशेसाठी बनवलेला असतो, त्यामुळे उलट दिशेला हवा कमी मिळते.

(हातातलं पातं कॅमेऱ्याजवळ धरून)

हे बघा. पातं सपाट नसतं, त्याला पोट असतं आणि पाठ असते. आतल्या वाकाची बाजू म्हणजे पोट, त्यानं हवा ढकलायची असते. पुढची कड गोल आणि जाड, मागची कड पातळ. आता पूर्ण फॅन उलटा फिरवला तर काय होतं, हवा पाठ ढकलते आणि पातळ कड पुढं येते. दोन्ही गोष्टी चुकल्या.

दिशा तीच ठेवून फक्त पातं वळवायचं असेल तर त्याला दोन रस्ते आहेत. एक, पातं आधी आडवं करायचं, म्हणजे फिरण्याच्या प्रतलात सपाट, आणि तिथून पलीकडे वळवायचं. यात जाड कड पुढंच राहते पण हवा आता पाठ ढकलते. दुसरा रस्ता, पातं आधी उभं करायचं, म्हणजे वाऱ्याच्या दिशेला सरळ, आणि तिथून पुढं वळवत न्यायचं. यात हवा पोटच ढकलतं, फक्त कडांची अदलाबदल होते. दोन्ही रस्त्यांत एकेक गोष्टच चुकते, म्हणून पातं वळवणारा फॅन उलट दिशेलासुद्धा चांगला झोत देऊ शकतो. मला या सगळ्या यंत्रातली हीच गोष्ट सगळ्यात आवडते, एका वाकड्या पत्र्याचा इतका बारकाईनं विचार केलाय लोकांनी.

पण उभा रस्ता घ्यायचा तर जागा लागते. पात्याची रुंदी १२ सेंटिमीटर असेल तर ते उभं होताना पुढं-मागं मिळून तेवढी जागा मोकळी पाहिजे, नाहीतर एका बाजूला रेडिएटर नाहीतर दुसऱ्या बाजूला पुली घासणार. आणि उभं पातं हवा पुढं ढकलत नाही, नुसती घुसळतं, त्यामुळे त्या क्षणापुरता लोड वाढतो. म्हणून वळण पटकन पूर्ण व्हायला लागतं, अर्धवट अडकलेलं पातं वाईटच.

आता हबच्या, म्हणजे पाती बसवलेल्या फॅनच्या मधल्या भागाच्या आत बघू. मधे एक पिस्टन असतो, प्रत्येक पात्याच्या मुळाशी छोटी क्रँकसारखी पिन असते, पिस्टन पुढं सरकला की सगळ्या पिन एकदम सरकतात आणि सगळी पाती एकाच वेळी सारखी वळतात. पिस्टनला ढकलायला दाबाची हवा लागते. मशीनला एअर ब्रेकचा कॉम्प्रेसर असेल तर तिथूनच घेतात, नसेल तर छोटा इलेक्ट्रिक कॉम्प्रेसर बसवतात. काही डिझाइनमध्ये हवेऐवजी ऑइलचा दाब असतो. हब फिरतोय आणि हवेचा पाइप स्थिर आहे, या दोघांच्या मधे फिरता जॉइंट असतो, रोटरी युनियन म्हणतात त्याला. हवा सोडून दिली की आतली स्प्रिंग पाती परत नेहमीच्या कोनात आणते. स्प्रिंगची ही दिशा फार विचारपूर्वक ठेवलेली आहे, पाइप फुटला, कॉम्प्रेसर बंद पडला तरी फॅन कूलिंगच्याच बाजूला येतो, इंजिन उघड्यावर पडत नाही.

अजून एक जोर तिथं काम करत असतो. फॅन वेगात फिरताना केंद्रापासून बाहेर फेकणाऱ्या ओढीमुळे पातं स्वतःहूनच सपाट व्हायला बघतं. आरपीएम, म्हणजे मिनिटाचे फेरे, जितका जास्त तितका हा पीळ जास्त, तोही वर्गाच्या प्रमाणात. म्हणून काही फॅनच्या पात्यांच्या मुळाशी वजनं लावलेली असतात, ती हा पीळ उलट बाजूनं तोलतात. आणि म्हणूनच मॅन्युअलमध्ये पाती उलटी करायला जो आरपीएम दिलाय तो पाळायचा, आपल्या मनानं रेस वाढवून स्विच दाबायचा नाही.

हे काम करणाऱ्या कंपन्यांत दोन नावं मोठी आहेत. एक जर्मनीतली हेगेले, त्यांचा क्लीनफिक्स फॅन. ही कंपनी श्टुटगार्टजवळच्या शॉर्नडॉर्फची आहे, याच गावात १८३४ मध्ये मोटारगाडीच्या जनकांपैकी एक गॉटलिब डाइमलरचा जन्म झाला. दुसरी कॅनडातली फ्लेक्सएअर, एडमंटनची. ही जाहिरात नाही, शोधायला बरं पडावं म्हणून नावं सांगितली.

पात्यांचा कोन चालू असताना बदलायची कल्पना मात्र फक्त शेतीतली नाही. कोल्हापूरला एटीआर, म्हणजे पंख्याचं छोटं प्रवासी विमान उतरताना बघितलं असेल तर चाकं टेकल्यावर प्रोपेलरचा आवाज एकदम बदलतो, तिथं पाती उलट्या कोनात जाऊन विमानाला ब्रेक लावायला मदत करतात, प्रोपेलर फिरतो मात्र त्याच दिशेनं. औष्णिक वीज केंद्रात बॉयलरला हवा देणारे मोठे अक्षीय फॅन असतात, त्यातपण चालू असतानाच पात्यांचा कोन बदलून हवा कमीजास्त करतात, भेल या सरकारी कंपनीच्या तमिळनाडूतल्या राणीपेटच्या कारखान्यात असे फॅन बनतात. आणि मेट्रोच्या भुयारातले फॅनसुद्धा आग लागली तर धूर हव्या त्या बाजूला काढायला दोन्हीकडे चालतात, पण तिथं बहुतेक वेळा मोटारच उलटी फिरवतात. कूलिंग टॉवरच्या फॅनचाही कोन बदलता येतो, फक्त तो फॅन बंद करून, नट ढिले करून, हातानं. त्यामुळे कुणी ॲडजस्टेबल पाती म्हणून विकायला आलं तर पहिला प्रश्न हाच विचारा, चालू असताना बदलतात का बंद केल्यावर?

बरं, उलटं फुंकण्याशिवाय फायदा काय? काही मॉडेलमध्ये पाती मधल्या कुठल्याही कोनात थांबतात, तापमानाप्रमाणे. डिसेंबरातल्या पहाटेला इंजिन थंड असतं, तेव्हा पाती जवळजवळ सपाट राहतात, हवा ओढत नाहीत, ताकद खात नाहीत आणि इंजिन लवकर कामाच्या तापमानाला येतं. दुपारी मार्चच्या उन्हात चढ लागला, लोड आला, की कोन वाढतो. साधा फॅन या दोन्ही वेळी सारखाच ओढत असतो, कारण तो सगळ्यात वाईट दिवसाच्या हिशोबानं बसवलेला असतो आणि वर्षातले बाकीचे दिवस ती ताकद फुकट जाते. माझ्या मते पैसे द्यायचेच असतील तर या तापमानावर चालणाऱ्या मॉडेलचा विचार आधी करावा, पण तुमचं काम जर फक्त पाचटाचं आणि भुशाचं असेल तर साधं दोन-स्थितीचं, म्हणजे फक्त सुलट आणि उलट कोनाचं मॉडेल पुरतं, त्यात बिघडायला भाग पण कमी.

साफ करायचा झोत काही सेकंदांचाच असतो. टायमर लावता येतो, फडात पाचट किती वाळलंय त्यावर किती वेळानं सोडायचा ते ठरवायचं. जाळी पूर्ण भरायची वाट बघू नका, पातळ थर असतानाच उडवला तर सहज उडतो, एकदा दव पडून त्याचा लगदा झाला की तो हवेनं निघत नाही.

आणि इथंच या फॅनची मर्यादा आहे, ती स्पष्ट सांगतो. हा फॅन कोरडा कचरा काढतो. हायड्रॉलिकचं ऑइल गळून रेडिएटरवर बसलंय आणि त्यावर धूळ चिकटून काळा थर झालाय, तर तो थर कितीही उलटं फुंकलं तरी जागचा हलणार नाही. आधी गळती बंद करा, मग धुवा. धुताना प्रेशर वॉशरचा फवारा जवळून आणि तिरका मारला तर पत्रे वाकतात आणि वाकलेल्या पत्र्यातून हवा कायमचीच कमी जाते. इंटरकूलर (टर्बोची हवा थंड करणारा), एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर एकामागे एक असतील तर त्यांच्या मधल्या फटीत साठलेला कचरा हातानंच काढायला लागतो.

जुन्या मशीनला बसवणार असाल तर मापं स्वतः उभं राहून घ्या. फॅनचा व्यास, बाजूच्या कव्हरपासून पात्याच्या टोकाचं अंतर, रेडिएटर आणि फॅनमधली जागा, फॅन-पुलीची दिशा, आणि मूळ फॅन हवा ओढतो का ढकलतो. टोकाची फट जास्त राहिली तर हवा तिथल्या तिथं गोल फिरत बसते. बसवल्यावर जाळीवर फडकं धरून बघा, नेहमीच्या कोनात ते चिकटलं पाहिजे आणि स्विच दाबल्यावर लांब फेकलं गेलं पाहिजे. नुसतं हललं आणि गळून पडलं तर पाती पूर्ण वळत नाहीयेत, हवेचा दाब आणि जॉइंटची गळती तपासा. ही चाचणी करताना हात जाळीच्या बाहेर, डोळ्यांना चष्मा, आणि समोर दुसरं कुणी उभं नको, कारण सुटणारा कचरा जोरात येतो.

उडालेला कचरा कुठं पडतोय तेपण बघा. एअर फिल्टरच्या तोंडाकडे जात असेल तर फिल्टर तुंबणार. टर्बो आणि सायलेन्सरच्या अंगावर जात असेल तर फार गंभीर, वाळलेलं पाचट तिथं पेटतं आणि फडात मशीन पेटलं तर शेजारच्या उभ्या उसापर्यंत आग जायला वेळ लागत नाही. दिशा बदलायला पत्र्याचं डिफ्लेक्टर लावा, रोज पाळी बदलताना इंजिनच्या वरची आणि सायलेन्सरजवळची जागा ब्लोअरनं साफ करा, अग्निशामक सिलिंडर कॅबिनमध्ये हाताला येईल असा ठेवा.

हबच्या देखभालीचं म्हणाल तर रोटरी युनियनची गळती, पात्यांच्या मुळाशी आलेला खुळखुळा आणि स्प्रिंगची परत येण्याची चपळाई, एवढ्या तीन गोष्टी हंगाम सुरू व्हायच्या आधी तपासायच्या. इंजिन बंद, चावी काढलेली, आणि मग एकेक पातं हातानं हलवून बघायचं. एक जरी पातं बाकीच्यांपेक्षा वेगळ्या कोनात उभं दिसलं तर मशीन चालू करू नका, त्या फॅनला कंप येईल आणि कंप पाण्याच्या पंपाच्या बेअरिंगवर जाईल.