सत्तावीस टक्के, पण कशाचे?

श्रोतेहो, नमस्कार. अल्झायमरवरच्या लेकॅनेमॅब या औषधाचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले आणि बातम्यांमध्ये एकच आकडा गाजला: आजाराचा वेग २७ टक्क्यांनी मंदावला. आकडा खरा आहे. तो निघाला कसा, ते पाहू.

आजाराच्या सुरुवातीच्या टप्प्यातले सुमारे १,८०० रुग्ण. निम्म्यांना दर दोन आठवड्यांनी शिरेतून औषध, निम्म्यांना प्लासिबो, म्हणजे औषध नसलेलं, पण तसंच दिसणारं सलाइन. मोजायला १८ गुणांची पट्टी: स्मरणशक्ती, स्थळकाळाचं भान, निर्णयशक्ती, बाहेरचे व्यवहार, घरकाम आणि छंद, स्वतःची निगा. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. गुण वाढले की प्रकृती ढासळली. दीड वर्षात औषध घेणाऱ्यांचे गुण सरासरी १.२१ने वाढले, प्लासिबोवाल्यांचे १.६६ने. फरक ०.४५. त्याला १.६६ने भागलं की २७ टक्के! या पट्टीवर सर्वांत छोटी पायरीच अर्ध्या गुणाची असते. एवढा फरक घरच्यांना जाणवेल का, यावर तज्ज्ञांत अजून वाद आहे.

दुष्परिणामही त्याच चाचणीत नोंदले आहेत. स्कॅनमध्ये मेंदूला सूज दिसली ती औषध घेणाऱ्यांपैकी १२.६ टक्क्यांना, प्लासिबोवर १.७ टक्क्यांना. बहुतेकांना त्रास जाणवला नाही, काहींचा मात्र गंभीर झाला. सलाइनमधून औषध जाताना थंडी-तापासारखी प्रतिक्रिया २६ टक्क्यांना आली, प्लासिबोवर ७ टक्क्यांना. इथे बारीक मेख आहे. ताप भरला की आपल्याला खरं औषध मिळतंय हे रुग्णाने ओळखलंच म्हणून समजा. आणि गुण ठरतात रुग्णाच्या नि घरच्यांच्या मुलाखतींवरून, म्हणजे त्या ओळखण्याचा रंग गुणांवरही चढू शकतो.

युरोपच्या औषध नियामकाच्या समितीने जुलै २०२४ मध्ये या औषधाला नकार दिला. नोव्हेंबरमध्ये फेरविचार करून होकार दिला, पण एपीओई-४ जनुकाच्या दोन प्रती असलेल्यांना वगळून, कारण सूज आणि रक्तस्रावाचा धोका त्यांनाच सर्वाधिक.

त्याआधीच्या अ‍ॅड्युकॅनुमॅब या अल्झायमरवरच्याच औषधाची गोष्ट जास्त बोचरी. दोन चाचण्या २०१९ मध्ये निष्फळ ठरण्याच्या चिन्हांमुळे थांबवल्या. नंतर जास्तीची माहिती धरून गणित मांडलं, तर एकीत फायदा दिसला, दुसरीत नाही. एफडीए या अमेरिकेच्या औषध नियामकाच्या सल्लागार समितीत, औषध परिणामकारक असल्याचा पुरावा आहे का, या शेवटच्या प्रश्नावर होकाराचं एकही मत पडलं नाही. तरी एफडीएने जून २०२१ मध्ये अमायलॉइड, म्हणजे या आजारात मेंदूत साचणारं प्रथिन, कमी होतो, एवढ्या आधारावर त्वरित मंजुरी दिली. अमायलॉइड घटला म्हणजे विसरणं थांबलं, असं नव्हे. माझ्या मते ही मंजुरी घाईची होती. जानेवारी २०२४ मध्ये कंपनीनेच औषध बंद करत असल्याचं जाहीर केलं.

आपल्याकडच्या चाचण्या तपासायला सीटीआरआय ही सरकारी नोंदवही इंटरनेटवर मोफत खुली आहे. तिथे नोंदणीची तारीख पहिला रुग्ण घेतल्याच्या आधीची आहे ना, ते पाहा. मग ‘प्रायमरी आउटकम’, म्हणजे चाचणीने आधीच ठरवलेलं मुख्य माप, वाचा आणि बातमीतला फायदा त्याच मापाचा आहे का, ते ताडून पाहा. माप निराळं निघालं, तर डॉक्टरांना पहिला प्रश्न तोच विचारा.