विषाणू कोणीही आणो, हवा मालकाची

मित्रहो, कोविडच्या काळात मालक आणि व्यवस्थापक मंडळींच्या तोंडून एक वाक्य वारंवार ऐकू यायचं: "हा आजार काय आमच्या कारखान्यात तयार झालाय?" नव्हताच झाला. पण सुरक्षेचा कायदा मुळात हे विचारतच नाही. जागा कोणाच्या ताब्यात आहे, पाळ्या कोण लावतं, एका टेबलावर किती माणसं बसवायची आणि खिडकी उघडी ठेवायची की बंद, हे कोण ठरवतं, एवढंच तो विचारतो. हे सगळं जो ठरवतो, त्या जागेतल्या धोक्याची जबाबदारीही त्याचीच.

या आक्षेपाला न्यायालयाचा आधारही मिळाला आहे, म्हणून तो झटकून टाकता येणार नाही. 13 जानेवारी 2022 रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांसाठीचा 'लस घ्या, नाहीतर चाचणी करा' हा नियम रोखला. हा धोका घरात आहे, शाळेत आहे, मैदानावर आहे, त्यामुळे बहुतेक ठिकाणी तो कामाचा धोका ठरत नाही, असं बहुमताचं म्हणणं होतं. बातम्या इथेच थांबल्या. निकाल मात्र पुढे जातो. कामाच्या स्वरूपामुळे किंवा जागेमुळे जिथे विशेष धोका निर्माण होतो, उदाहरणार्थ माणसं दाटीवाटीने काम करतात तिथे, कामगार सुरक्षेची सरकारी यंत्रणा नियम करू शकते, हे त्याच निकालात लिहिलेलं आहे. म्हणजे वाद मालकावर कर्तव्य आहे की नाही हा नाहीच. या विशिष्ट जागेने धोका वाढवला का, हे पाहायचं. पॅकिंगच्या पट्ट्यावर खांद्याला खांदा लावून उभी असलेली माणसं किंवा बंद खोलीत आठ तास फोनवर बोलणारी माणसं डोळ्यांसमोर आणली, तर उत्तर शोधायला फार लांब जावं लागत नाही.

दुसरी सबब म्हणजे "शास्त्रज्ञांचंच अजून एकमत नाही." याचं उत्तर कोविडच्या आधीच दिलं गेलं होतं. 2003 मध्ये कॅनडातल्या टोरांटोत सार्स हा श्वसनाचा साथीचा आजार पसरला, रुग्णालयातले कर्मचारी मोठ्या संख्येने आजारी पडले आणि दोन परिचारिका व एक डॉक्टर दगावले. त्या साथीची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती आर्ची कॅम्बेल यांच्या आयोगाने 2006 मध्ये अंतिम अहवाल दिला. धोका कमी करणारी वाजवी पावलं उचलायला शास्त्रीय खात्रीची वाट पाहू नये, हा त्याचा गाभा. चौदा वर्षांनी आपण पुन्हा तिथेच उभे होतो. विषाणू हवेतून पसरतो याची गंभीर दखल घ्या, असं आवाहन 239 शास्त्रज्ञांना जुलै 2020 मध्ये जाहीरपणे करावं लागलं. तोवर कित्येक ठिकाणी टेबलं-खुर्च्या पुसण्यावर पैसा खर्च होत होता आणि खिडक्या बंद होत्या.

हवेवर मी थोडा जास्त वेळ घेणार आहे. सुरक्षेच्या क्षेत्रात उपायांची एक उतरंड ठरलेली आहे. आधी धोका हटवा. ते जमत नसेल तर हवा खेळती ठेवण्यासारख्या यंत्रणेने अडवा. मग कामाची रचना बदला. आणि सगळ्यात शेवटी माणसाच्या अंगावर साधनं चढवा. महामारीत बहुतेकांनी ही उतरंड उलटी केली. दारात मास्क वाटले, हातावर सॅनिटायझर टाकलं, की कर्तव्य संपलं. मास्कचं महत्त्व मी कमी करत नाही. चांगला एन-95 मास्क हवेतले किमान 95 टक्के सूक्ष्म कण अडवतो, पण तो चेहऱ्याला घट्ट बसला तरच. दाढीवर तो नीट बसत नाही, आणि पाण्याचा घोट घेताना तर काढावाच लागतो. हवा मात्र सगळ्यांना चोवीस तास पुरते, कोणाच्या शिस्तीवर अवलंबून राहत नाही.

ती मोजताही येते. कार्बन डायऑक्साइड मोजणारं छोटं यंत्र बैठकीच्या खोलीत ठेवा. बाहेरच्या मोकळ्या हवेत ते दहा लाखांत सव्वाचारशे भागांच्या आसपास आकडा दाखवेल. आता दहा माणसं आत घ्या, दार लावा आणि तो चढताना बघा. दीड हजारावर गेला, याचा अर्थ दुसऱ्याच्या छातीतून निघालेली हवा तुम्ही पुन्हा आत घेताय. भिंतीवरचा एसी चालू असला तरी काही फरक पडत नाही, कारण तसले बहुतेक एसी खोलीतली तीच हवा गार करून फिरवत राहतात. कर्मचाऱ्यांनी हा आकडा मागावा आणि मालकाने तो भिंतीवर लावावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

"पण खर्च?" ब्रिटनच्या 1974 च्या कायद्यात मालकाने 'वाजवीपणे शक्य असेल तितकं' करावं असं म्हटलंय, आणि पुष्कळांना ती पळवाट वाटते. तिचा अर्थ 1949 च्या एका खाण अपघाताच्या खटल्यातच लावला गेला होता: एका बाजूला जोखीम, दुसऱ्या बाजूला खर्च, आणि खर्च जोखमीच्या मानाने अतोनात जास्त असेल तरच सूट. दोन्ही बाजू जवळपास सारख्या असतील तर खर्च करायचा. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 1981 च्या 155 क्रमांकाच्या करारातलं 21 वं कलम तर अगदी सरळ आहे: सुरक्षेच्या उपायांचा कोणताही खर्च कामगारावर पडता कामा नये. मास्कचे पैसे पगारातून कापणं याच्या थेट विरुद्ध जातं. आणि ताप आलेल्या माणसाला बिनपगारी घरी पाठवणं? माझ्या मते तोही कामगारावर टाकलेला सुरक्षेचाच खर्च आहे. खाडा परवडत नाही म्हणून माणूस गोळी घेऊन, ताप लपवून कामावर येतो, आणि दारातला तापमापक त्याला आत सोडतो.

त्याच कराराचं 13 वं कलम सांगतं, की जिवाला तातडीचा आणि गंभीर धोका आहे असं वाजवी कारणाने वाटून जो कामगार कामापासून दूर होतो, त्याला त्याची शिक्षा भोगावी लागू नये. हे संरक्षण कायम कर्मचाऱ्यांपुरतंच का? नोव्हेंबर 2020 मध्ये इंग्लंडच्या उच्च न्यायालयाने एका संघटनेच्या याचिकेवर निकाल दिला, की युरोपीय निर्देशांनुसारचं हे संरक्षण आणि सुरक्षा साधनं तिथल्या कायद्यात 'कर्मचारी' न ठरणाऱ्या कामगारांनाही मिळायला हवी होती. ॲपवर काम करणारी बरीच माणसं यातच येतात. पुढे 2021 मध्ये या संरक्षणाचा आणि 2022 मध्ये साधनांचा कायदा बदलला. ज्यांनी टाळेबंदीत दारोदार सामान पोहोचवलं, त्यांच्यासाठी हे कोर्टात भांडून मिळवावं लागलं, याची मला चीड येते.

महामारीचं निमित्त करून असलेलं संरक्षण काढूनही घेतलं गेलं. एप्रिल 2020 मध्ये गुजरात सरकारने अधिसूचना काढून कारखान्यांना बारा तासांच्या पाळीची मुभा दिली, आणि जादा तासांचा दुप्पट दरही गेला. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने 1 ऑक्टोबर 2020 रोजी ती रद्द केली. तेव्हाच्या कारखाना कायद्यात ज्या 'सार्वजनिक आणीबाणी'साठी सूट होती, तिच्यात महामारीमुळे आलेली आर्थिक मंदी बसत नाही, असं सांगून जादा कामाचे पैसे देण्याचाही आदेश दिला. थकलेलं शरीर आजाराला लवकर बळी पडतं. आजाराच्या काळात तास वाढवणं म्हणूनच सुरक्षेच्या दृष्टीनेही उफराटं होतं.

शेवटचा मुद्दा नोंदींचा. इटलीने मार्च 2020 मध्येच, कामावर झालेली कोविडची लागण ही कामावरची दुखापत धरायची, अशी तरतूद केली. जिथे अशी तरतूद नाही, तिथे गेलेल्या माणसाच्या घरच्यांना लागण कामावरच झाली हे सिद्ध करत बसावं लागतं. त्या दिवशी पाळीत कोण होतं, शेजारी कोण आजारी होतं, पंखे चालू होते का, हे सगळे कागद मालकाच्या कपाटात असतात. या नोंदी किती काळ जपायच्या आणि मागितल्यावर किती दिवसांत द्यायच्या, हे युनियनने पुढच्या वेतन करारातच लिहून घ्यावं. पुढची साथ सुरू झाल्यावर त्यासाठी कोणाला वेळ मिळणार नाही.