मका धुवायची टोपली

ठक्... ठक्... ठक्.

आवाज कुऱ्हाडीचाच आहे, पण इथं लाकूड फोडणं चाललेलं नाही. सोललेल्या ओंडक्यावर कुऱ्हाडीची बोथट पाठ हाणली जातेय, या टोकापासून त्या टोकापर्यंत. झाड दलदलीत वाढणारं, काळा ॲश. दर वसंतात त्याच्या खोडात बारीक पोकळ नळ्यांचा एक मऊ थर धरतो. मार बसला की तो थर चुरतो आणि वरचं लाकूड पट्टीसारखं सुटून येतं. एक पट्टी म्हणजे झाडाचं एक वर्ष.

अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिमेला हा सेनेका या मूळ अमेरिकी लोकांचा मुलूख. हौदेनोशोनी संघातल्या सहा राष्ट्रांपैकी सगळ्यात पश्चिमेचं राष्ट्र यांचं, म्हणून हे ‘पश्चिम दाराचे राखणदार’.

या पट्ट्यांची टोपली कोकणातल्या कुणी पाहिली, तर लगेच म्हणेल, अरे, ही तर रोवळी! कामही तेच. फक्त तांदळाच्या जागी मका.

पांढरा, टणक मका. तो चाळलेली राख घालून उकळायचा. राख मेपल, हिकरी अशा कठीण लाकडाची. सालपटं सैल झाली की मका टोपलीत घ्यायचा आणि पाण्यात खळबळून काढायचा. राख जाते, सालपटं जातात, दाणा उरतो. मग उखळात कांडायचा, शिजवलेला घेवडा मिसळायचा आणि जाड भाकरी थापायची. ही भाकरी तव्यावर पडत नाही, ती उकळत्या पाण्यात शिजते!

राखेमुळे मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व अंगी लागतं. मका युरोपात गेला, ही रीत मात्र मागेच राहिली. उत्तर इटलीत मक्यावरच पोट भरणाऱ्या गरिबांना पेलाग्रानं, म्हणजे नायसिनच्या कमतरतेच्या आजारानं गाठलं.

१६८७मध्ये फ्रेंच फौजेनं आणि १७७९मध्ये अमेरिकन सैन्यानं सेनेकांचा मका जाळला. बियाणं तरीही टिकलं.

ॲशच्या झाडावरचं संकट वेगळं आहे. पूर्व आशियातला एक हिरवा, चकचकीत भुंगेरा २००२मध्ये मिशिगनात सापडला. न्यूयॉर्क राज्यात तो पहिल्यांदा दिसला २००९मध्ये, कॅटारॉगस काउंटीत. सेनेकांच्या अगदी उंबऱ्याशी. त्याची अळी सालीखाली नागमोडी बोगदे कोरते. मुळांकडून येणारं पाणी आणि पानांकडून येणारं अन्न, दोन्ही तुटतं. काही वर्षांत झाड उभ्याउभ्या वाळतं.

इथे ओंडका पुन्हा थोडा फिरवला जातो.

ठक्.

टोकाशी एक पट्टी उचलली जाते.