दम नेमका कशामुळे लागतो?

दर रविवारी सिंहगड चढणारे कोण कोण आहेत इथे? बरेच आहात. मग सांगा, पायथ्यावरून निघालं की पहिल्याच खड्या चढाला जी धाप लागते ती कशामुळे? ऑक्सिजन कमी पडतो, बरोबर? सगळीकडे हेच उत्तर येतं. एकजण तर म्हणाले वर हवा विरळ असते, अहो गड जेमतेम 1300 मीटर, तेवढ्याने काही होत नाही.

कोविडमध्ये घेतलेला ऑक्सिमीटर आणलाय. काका, तुम्ही या पुढे, बोट घाला यात. किती दाखवतंय? 98. आता श्वास रोखा... रोखून धरा... बास, सोडा! काकांचा चेहरा लाल झाला, तरी आकडा 97. रक्त बोटापर्यंत पोचायला थोडा वेळ लागतो हे धरलं तरी ऑक्सिजन काही संपला नव्हता, मग आतून घाई कोण करत होतं? कार्बन डायऑक्साइड. तो साठला की रक्ताची आम्लता किंचित वाढते, मेंदूच्या बुडाशी श्वासाचं केंद्र आहे त्याला ते लगेच कळतं आणि तिथून श्वासपटलाला, म्हणजे छाती आणि पोटामधल्या स्नायूच्या पडद्याला, निरोप जातो. फुफ्फुसं स्वतःहून फुगत नाहीत बरं का, श्वासपटल खाली सरकतं, बरगड्या वर उचलल्या जातात, छातीत जागा होते आणि हवा आत येते. गड चढताना मांड्यांचे स्नायू हाच वायू भराभर तयार करतात, तो बाहेर टाकायला धाप.

ऑक्सिजनच्या बाबतीत आपण तसे उधळेच. आत घेतो 21 टक्के, सोडलेल्या हवेत 16 टक्के तरी शिल्लक असतो, म्हणून तर तोंडाने दुसऱ्याला श्वास देता येतो. त्याच्यावर पहारा आहे, मानेतल्या मोठ्या रक्तवाहिन्यांपाशी, पण तो बराच उशिरा जागा होतो.

आता हे नीट ऐका, कारण मे महिन्यात तुमची नातवंडं टँकवर जाणार. पोरं पैज लावतात, पाण्याखालून एका दमात टँक पार करायचा, आणि उडी मारायच्या आधी भसाभसा श्वास घेतात. त्याने ऑक्सिजन फारसा वाढत नाही, रक्तात ऑक्सिजन वाहून नेणारं हिमोग्लोबिन आधीच जवळपास भरलेलं असतं. कार्बन डायऑक्साइड मात्र धुऊन निघतो, म्हणजे अलार्मच बंद केला. पाण्याखाली ऑक्सिजन घसरत जातो, वर यावंसं वाटतच नाही, आणि पोरगं गप्पकन बेशुद्ध होतं. हातपाय मारणं नाही, आरडाओरडा नाही, काठावरचे म्हणतात काय दम आहे याचा!

मागून विचारतायत, जोरात भस्त्रिका केल्यावर बोटांना मुंग्या येतात त्या ऑक्सिजन वाढल्यामुळे का. नाही हो, त्याही कार्बन डायऑक्साइड उतरल्यामुळेच. भस्त्रिका घरी सतरंजीवर बसून करा, फक्त ती करून लगेच टँकमध्ये बुडी मारू नका. हं, अजून कोणाला काही विचारायचंय?